तुळशीच्या लग्नानंतरचा दिवा

त्या वर्षी मला मालगाडीचे डबे मोजायची बंदी झाली. पुलगावच्या अलीकडे, रूळ आणि नाला यांच्या मधल्या पट्टीत आमची भाजीपाल्याची वाडी होती, आणि वांगी तोडताना गाडी आली की मान वर करून डबे मोजायचे हा माझा लहानपणापासूनचा नाद. पावसाळा सरता सरता ताडपत्रीनं झाकलेले डबे जास्त दिसू लागले. एका सकाळी बाबांनी माझ्या हातातली टोपली काढून घेतली आणि म्हणाले, "सुशे, आजपासून डबे मोजाचे नाई. मोजले तं मनात ठेवाचे." बाबा फार बोलणारे गृहस्थ नव्हते, त्यामुळे ते बोलले की ऐकावं लागायचं. नाल्यापलीकडे दारूगोळ्याच्या डेपोचं तारेचं कुंपण होतं. आत काय आहे ते आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं, पण आमची कोबी, वांगी, मुळे कंत्राटदाराच्या गाडीतून आत जायचे. त्या वर्षी कंत्राटदार दुप्पट भाजी मागायला लागला. आत माणसं वाढलीत हे ओळखायला काही फार अक्कल लागत नव्हती. मग टोपल्या किती गेल्या हेही घरात कुणी मोठ्यानं बोलेनासं झालं. अशा घरात चौदा वर्षांची मुलगी संशयी झाली नसती तरच नवल.

त्यातून आमच्या घराला संशयाचं वळण आधीपासूनच होतं. आई मी तीन वर्षांची असताना गेली, तेव्हापासून बाबांची थोरली बहीण गंगूआत्या आमच्याकडे राहून घर चालवत होती. आत्या लहानपणीच विधवा झालेली, आणि जगानं तिला फसवलंच होतं म्हणा, त्यामुळे ती कशावरही पटकन विश्वास ठेवत नसे. दूधवाल्यासमोरच दुधात बोट बुडवून पाहायची. पाहुण्याच्या पिशवीकडे एक नजर टाकून तो किती दिवस राहणार ते ठरवायची. रेडिओवर बातम्या लागल्या की विचारायची, "हा बाप्या खरं बोलून राह्यला हे कोनं पाह्यलं?" मला वाढवलं तिनंच. आजही दारावरची घंटा वाजली की मी आधी भोकातून बघते आणि ओळखीचं माणूस असलं तरी कोण म्हणून विचारते. नातू हसतो. हसू दे.

घरातला चौथा माणूस माझा भाऊ, वसंतादादा. तो ट्रकवर ड्रायव्हर होता. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारनं चांद्याकडच्या जंगलात वसवलं होतं, तिथं तो धान्याच्या फेऱ्या करायचा. एका फेरीत त्याला हिवताप झाला. पंधरा दिवस तो त्यांच्यातल्याच एका घरी पडून होता, आणि बरा होऊन आला तो त्या घरातली मुलगी बायको करायची असं ठरवूनच. लग्न त्यांच्याकडेच झालं. गावात व्हायची ती कुजबुज झाली. तिचं नाव माया. आमच्याकडे सुनेचं नाव बदलतात, पण आत्यानं ते बदललं नाही; नवं नाव ठेवायलाही थोडी माया लागते, ती आत्याला अजून फुटायची होती. मी तिला वहिनी म्हणे. माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी, हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या. त्या बांगड्या पाहून आत्या रोज सकाळी तोंड फिरवायची, कारण सवाष्णीचा हात हिरवा हवा. स्वयंपाकाचं तर विचारूच नका. दुधीची सालं, माठाचे जाड देठ, भोपळ्याचे कोवळे वेल, जे आम्ही बैलांपुढे टाकायचो ते ती मोहरीच्या तेलात परतून ताटात वाढायची. आत्या म्हणाली, "ढोराचं मान्साले चारते वो हे पोरगी." बाबांनी मात्र दुसऱ्यांदा मागून घेतलं. ती सालींची भाजी मी अजून करते. माझ्या सुनेला वाटतं मी ती टीव्हीवर पाहून शिकले.

लढाईची सुरुवात आमच्या घरी पाडव्याच्या आसपास झाली. म्हणजे झाली तिकडे ढाक्याला, पण आम्ही ती वहिनीच्या तोंडावर पाहिली. वसंतादादानं आणलेला ट्रान्झिस्टर स्वयंपाकघराच्या खुंटीला टांगलेला असायचा. बातम्या लागल्या आणि वहिनीच्या हातातली भाकर तव्यावर करपली. पाकिस्तानचे दोन भाग, मध्ये आपला अख्खा देश, आणि एका भागाचं सैन्य दुसऱ्या भागातल्या आपल्याच लोकांवर गोळ्या झाडतंय, हे शाळेत गुरुजींनी नकाशा टांगून समजावलं. मला समजलं. गावाला समजायला वेळ लागला. गावाच्या लेखी पाकिस्तान म्हणजे पाकिस्तान, त्यात पूर्व काय आणि पश्चिम काय! आणि वहिनी तिकडची. आमच्या शेजारच्या वाडीचे दमडूजी बांधावर उभे राहून बाबांना म्हणाले, "काऊन गा, तुह्या सुनेचे लोक आपसातच भांडून राह्यले मंते." दमडूजींच्या मनात वाईट काही नव्हतं, पण पाण्याच्या पाळीवरून त्यांचं आणि बाबांचं अधूनमधून वाजायचं, त्यामुळे ते काहीही बोलले तरी ते टोचूनच बोलले असं आमच्याकडे धरलं जायचं.

वहिनीचे आईबाप इकडे आले होते. थोरली बहीण मात्र लग्न होऊन तिकडेच राहिली होती, जेसोरच्या बाजूला नदीकाठी, नवरा आणि दोन मुलांसह. हे मला वहिनीनंच सांगितलं. दादा ट्रकवर गेला की आठआठ दिवस यायचा नाही, आणि त्या दिवसांत मी तिची सोबतीण. दुपारी मेथीच्या जुड्या बांधताना मी तिला पाटीवर मराठी अक्षरं काढून द्यायची, ती गिरवायची, आणि त्या बदल्यात मला तिकडचं सांगायची. तिकडे म्हणे शेजारी जायलाही होडी लागते. एकामागून एक नद्या, आणि त्यांची नावं ती स्तोत्र म्हटल्यासारखी म्हणायची: कपोताक्ष, भैरव, मधुमती, पद्मा. आमचा नाला उन्हाळ्यात आटतो, तेव्हा मला ते सगळं थापाच वाटायच्या. बहिणीला ती दीदी म्हणायची. दीदी कशी पोहते, दीदीनं एकदा हातानं मासा कसा धरला, दीदीचा धाकटा किती द्वाड. पावसाळ्यात तिकडून काही कळेनासं झालं आणि वहिनी दीदीबद्दल बोलायची थांबली. विचारलं की म्हणे, "खबर नाई." तेवढं मराठी तिला तोवर चांगलं येत होतं.

दिवाळीच्या तोंडावर वहिनीच्या वडिलांचं एक पोस्टकार्ड आलं. तिनं ते वाचलं, पदरात खोचलं आणि करंज्या तळायला बसली. पहिली दिवाळी होती तिची आमच्याकडे. आत्यानं तिच्याकडून सगळा फराळ करून घेतला आणि करंजी फुटली नाही एवढंच मोठ्या कष्टानं कबूल केलं. त्याच दिवसांत वहिनीनं वाडीच्या कडेला, नाल्याच्या बाजूनं, एक उंच बांबू रोवला. एका मडक्याला बारीक भोकं पाडली, त्यात पणती ठेवली, आणि तिन्हीसांजेला दोरीनं ते मडकं बांबूच्या टोकापर्यंत चढवलं. आम्हाला वाटलं, हा त्यांच्याकडचा आकाशकंदील. बाबांनी बांबू सरळ करून दिला. आजूबाजूच्या पोरी बघायला आल्या. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, गावातले आकाशकंदील उतरले. वहिनीचा दिवा उतरला नाही. तिन्हीसांज झाली की ती हातपाय धुऊन, कुणाशी न बोलता, वाडीच्या कडेला जायची.

तोवर गावात दवंडी पिटली गेली होती की डेपोच्या आसपासच्या गावांनी सूर्य मावळल्यावर उजेड बाहेर दिसू देऊ नये. कंदिलांना काळे कागद लागले. दमडूजी बांधावरून म्हणाले, "तुळशीचं लगन होऊन गेलं, आता कोनासाठी लावून राह्यली हे दिवा?" हाच प्रश्न आत्यानंही विचारला. वहिनी म्हणाली, "आमच्याकडे लावते." आत्यानं बाबांकडे पाहिलं, बाबांनी जमिनीकडे पाहिलं. उजेड खालून दिसू नये म्हणून वहिनीनं मडक्याची खालची भोकं मातीनं लिंपली, पण दिवा उतरवला नाही. मग मी विचारलं. दोघीच होतो, पालकाच्या वाफ्यात. "वहिनी, कोनासाठी लावतं तू?" तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. पालक खुडत राहिली. मी पुन्हा विचारलं, तशी उठून विहिरीकडे गेली. जी बाई मला दीदीच्या मुलाच्या पडलेल्या दातापर्यंत सगळं सांगायची, ती एवढं एक सांगेना. मला राग आला. देशाबिशाचं नंतर, पहिल्यांदा आला तो हा राग.

आमच्या शाळेत तेव्हा गुरुजींनी वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा ठेवला होता. झाकणाला खाच पाडलेली. कुणाला गावात काही संशयास्पद दिसलं तर चिठ्ठी लिहून त्यात टाकायची, नाव लिहायची गरज नाही. गुरुजी मनानं भले होते आणि त्यांना खरंच वाटत होतं की मुलंही देशासाठी काहीतरी करू शकतात. आम्ही आठवडाभर डबा भरला. एकानं लिहिलं की अमक्याचा मामा फार वेळा पुलगावला जातो. एकीनं लिहिलं की तमकीच्या घरी बकरी उगाच ओरडते. कुणीतरी खुद्द गुरुजींबद्दल लिहिलं की ते नकाशाकडे जास्त वेळ बघतात. ती चिठ्ठी गुरुजींनी वर्गात वाचून दाखवली आणि स्वतःच हसले. माझी चिठ्ठी त्यांनी वाचून दाखवली नाही.

मी लिहिलं होतं: "आमच्या वाडीत दिवाळीनंतरही रोज संध्याकाळी उंच बांबूवर दिवा चढवतात. तो डेपोच्या बाजूला आहे. कोणासाठी ते विचारलं तर सांगत नाहीत. त्यांचं मूळ गाव पाकिस्तानात आहे." वळणदार अक्षर होतं माझं, बक्षीस मिळालेलं. आदरार्थी बहुवचनही सोडलं नव्हतं. शाळा सुटताना गुरुजींनी मला थांबवलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चांगलं केलं. नाव फुटणार नाही." घरी जाताना मला स्वतःचा अभिमान वाटला. हे लिहायला लाज वाटते, पण वाटला होता. पुढे आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी घाबरून केल्या, काही रागानं केल्या. त्या दिवशी मात्र माझ्या मनात यत्किंचितही शंका नव्हती. सगळ्यांवर संशय घ्यायला शिकवणाऱ्या आत्यानं स्वतःवर घ्यायला काही शिकवलं नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी दोन माणसं आली. एक शिपाई, एक साध्या कपड्यातला. आत्या चुलीत वांगी भाजत होती, भरतासाठी. त्यांनी बांबू पाहिला, मडकं उतरवून भोकात बोट घालून पाहिलं, पणतीतल्या तेलाचा वास घेतला. मोहरीचं तेल. साध्या कपड्यातल्या माणसानं वहिनीला हिंदीत विचारलं की हा दिवा कुणासाठी? वहिनीनं आत जाऊन ट्रंकेतून ते पोस्टकार्ड आणून त्याच्या हातात दिलं. बंगाली अक्षरं. त्यानं ते सुलटं धरलं, उलटं धरलं, शिपायाला दाखवलं, आणि दोघांचे चेहरे बदलले. न वाचता येणाऱ्या अक्षरांची भीती मी तेव्हा पहिल्यांदा मोठ्या माणसांच्या डोळ्यांत पाहिली. "चौकशी हाय, घाबराचं काम नाई," शिपाई बाबांना म्हणाला. वहिनी आणि बाबा त्यांच्या जीपमध्ये बसून ठाण्यावर गेले. जीप रस्त्याला लागली तेव्हा बांधावर दमडूजी उभे होते. आत्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मागे फिरले.

तो दिवस कसा गेला ते मला नीट आठवत नाही, आणि जे आठवतं त्यावर माझा भरवसा नाही. वांगी चुलीत जळून कोळसा झाली होती एवढं नक्की. वहिनीला तुरुंगात टाकतील, किंवा चांद्याच्या वसाहतीत परत पाठवतील, आणि दादा आला की त्याला काय सांगायचं? तोपर्यंत मी विचारच केला नव्हता की डब्यात टाकलेल्या कागदाचं पुढे काही होतं. ऊन कलायच्या सुमारास दोघं परत आले. बाबा अंगणात आले, टोपी काढून हातात धरली आणि उभेच राहिले.

"कोनीतरी चिठ्ठी टाकली होती. साहेबाच्या टेबलावर आमच्या समोरच पडून होती थे," ते आत्याला म्हणाले. बाबांना वाचता येत नव्हतं. "मंग एका बंगाली बाबूले बोलावलं. त्यानं कार्ड वाचून हिंदीत सांगतलं." मग ते थांबत थांबत सांगू लागले. वहिनीची दीदी आणि तिची दोन्ही मुलं नदी ओलांडायला घाटावर उभी असताना गोळीबारात गेली. नवऱ्याचा पत्ता नाही. कार्तिक महिनाभर मेलेल्या माणसांसाठी आभाळात दिवा लावायची त्यांच्याकडे रीत आहे, म्हणजे त्यांना वाट दिसते. पण तिकडे आता दिवा लावायला घरच राहिलेलं नाही, तेव्हा पोरी तू लाव. आणि पहिली दिवाळी आहे, सासरी सांगून त्यांच्या सणावर सुतक आणू नकोस. एवढं कार्डात होतं. बाबा सांगायचे थांबले. वहिनी तुळशीपाशी बसली होती. मग आत्या बोलली ते कुणाला उद्देशून ते मला अजून कळलेलं नाही: "अन आपुन तिच्याच्यानं करंज्या तळून घेतल्या."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. अंगणात तीन माणसं होती, तिन्ही माझी. मी पाण्याची बादली उचलली आणि बैलांना पाणी पाजायला गेले.

साहेब भला माणूस होता, त्यानं वहिनीला सोडलं, पण सूर्य मावळल्यावर दिवा लावायचा नाही हे बाबांना बजावून सांगितलं होतं. कार्तिकाचे त्यांच्या पंचांगानं चार दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी वहिनी उठली, अंगण सारवलं, पण जेवली नाही. इतके दिवस दिवा लावून मध्येच बंद केला तर ती तिघं अर्ध्या वाटेवर राहतील असं तिनं आत्याला सांगितलं. आत्यानं ते बाबांना सांगितलं. बाबांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली, आणि म्हणाले, "साहेब मनला, सूर्य मावळल्यावर लावाचा नाई. उगवल्यावरचं काई बोलला नाई थो."

आणि आम्ही भर दुपारी बारा वाजता दिवा लावला. डोक्यावर ऊन, बाजूच्या वाफ्यात कोबी, पलीकडे डेपोची तार. वहिनीनं पणती पेटवली, ती ज्योत उन्हात दिसतही नव्हती, हात जवळ नेला की चटका बसायचा तेव्हा कळायचं की पेटली आहे. "दिवसा दिसन का त्याईले?" आत्यानं विचारलं. तिच्या आवाजात संशय नव्हता, काळजी होती. "दिसते," वहिनी म्हणाली. आत्यानं दोरीला हात लावला आणि म्हणाली, "मंग सुशीच्या मायचं बी नाव घेजो. तिचा दिवा आमी कंदी लावला नाई. अन तुह्या मान्साइची नावं सांग मले, मी बी घेतो." विहिरीवरचं इंजिन धडधडत होतं, काही ऐकू येत नव्हतं. आत्यानं मला हातानं खुणावलं की जा, ते बंद कर. मी पळत गेले, इंजिन बंद केलं. परत आले तोवर नावं घेऊन झाली होती. मडकं वर चाललं होतं, बाबा, आत्या आणि वहिनी तिघंही मान वर करून, डोळ्यांवर हात धरून त्या न दिसणाऱ्या दिव्याकडे बघत होते. मी चार पावलं मागेच उभी राहिले.

पुढचे तीन दिवसही दिवा दुपारीच लागला. मग दादा आला. सगळं ऐकून तो आधी रडला आणि मग चिठ्ठी कुणी लिहिली याच्या मागे लागला. फार शोधावं लागलं नाही. दिव्याबद्दल बांधावरून बोललं कोण? जीप आली तेव्हा उभं कोण होतं? दमडूजी. बाबांनी होकारार्थी मान हलवली, आत्यानं तर ते दमडूजीच म्हणून शपथ घेतली. मी भाकरीचा तुकडा तोंडात घोळवत राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत खरी लढाई लागली. भोंगे वाजले, कोबीच्या दोन वाफ्यांवर पाणी सोडून आम्ही तिथं खंदक खणला आणि आत्या त्यात एकदाही उतरली नाही, साप असेल म्हणून. रेडिओ दिवसभर चालू. आपलं सैन्य जेसोरवरून पुढे निघालं, आणि आमच्या घरात एक गंमत झाली. वहिनीला नद्यांचा क्रम पाठ. जेसोर पडलं तशी ती म्हणाली, "आता मधुमती." दोन-तीन दिवसांनी रेडिओवर मधुमती आली. जी आत्या रेडिओवरच्या बाप्यावर विश्वास ठेवत नव्हती ती भाकरी थापता थापता सुनेला विचारायला लागली, "मंग आता कोनती नदी येते वो?" गावातली माणसंही अंगणात येऊन विचारायची. पंधरा दिवसांपूर्वी तिला हे सगळं कसं माहीत म्हणून याच माणसांनी भुवया उंचावल्या असत्या.

ढाक्यात शरणागती झाल्याची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दमडूजी आमच्या अंगणात आले. हातात कागदात बांधलेला गूळ. "जितलं बाप्पा तुह्या सुनेचं गाव," बाबांना म्हणाले. दादा पुढे झाला. "चिठ्ठ्या लिवनाऱ्याच्या हातचं आमी खात नाई." दमडूजींना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "म्या? मले लिवता येते का रे पोरा? मी तं अंगठा लावतो." दादा म्हणाला, "लिवून घेतलं असन कोनाकून." आणि दमडूजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या लेकीला सासरी लिहायची पत्रं मीच लिहून द्यायची, सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी साक्ष द्यावी एवढीच त्यांची अपेक्षा होती. "सांग ना वो सुशे, मी तुह्याकून असं कंदी काई लिवून घेतलं का?" मी मान हलवून नाही म्हटलं, पण ते इतकं हळू की दादाला ते नाही वाटलंच नाही. तेवढ्यात वहिनी पुढे आली, दमडूजींच्या हातातला गुळाचा खडा घेतला, तोंडात टाकला आणि त्यांच्या पाया पडून आत निघून गेली. दादा बघत राहिला. मला वाटलं, किती मोठ्या मनाची आहे ही, ज्यानं चुगली केली त्याचंही तोंड गोड करून घेते!

तरी दोन घरांतलं बोलणं तुटलं ते तुटलंच. बाबा दमडूजींच्या मातीलाही गेले नाहीत. वहिनी एकटी गेली होती.

अलीकडे पुन्हा भोंगे वाजवून सराव झाले, तेव्हा आमच्या वर्ध्याच्या कॉलनीच्या व्हॉट्सॅप गटावर कुणीतरी एका चादरी विकणाऱ्याचा फोटो टाकला. हा इथं काऊन फिरून राह्यला, लक्ष ठेवा. खाली पंचवीस अंगठे. मी चष्मा लावून तो फोटो बराच वेळ पाहिला आणि मग गटातून बाहेर पडले. सून म्हणाली, आई, चुकून दाबलं गेलं का?

वहिनी आमच्या घरात पुढे जवळजवळ पन्नास वर्षं राहिली. माझं लग्न तिनं केलं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत महिना महिना माझ्या उशाशी बसली. आत्याचं शेवटचं सगळं तिनं अंथरुणात केलं, आणि त्या संशयी बाईनं मरताना कपाटाची किल्ली दिली ती हिच्या हातात. बोली तर अशी उचलली की नवख्याला वाटावं ही वर्ध्याजवळच्या सेलूची माहेरवाशीण. दर कार्तिकात दिवा लावायची, आता उजळमाथ्यानं, गच्चीवर. मी दिवाळीला माहेरी गेले की शेजारी उभी राहायची. नावं ती ओठांतल्या ओठांत घ्यायची. बाबांना ती माहीत होती, त्यांनी ठाण्यात ऐकली होती. आत्याला माहीत होती. दादालाही तिनं सांगितली असणार. त्यांच्यापैकी कुणालाही मी विचारू शकले असते, पण मला ती तिच्याकडून हवी होती. ती मला कधीतरी आपणहून सांगेल असं मी धरून चालले होते.

बाबा गेले, आत्या गेली, दादाही गेला, आणि एका दिवाळीत स्वयंपाकघरात आम्ही दोघीच जेवत होतो. दोघींचे केस पांढरे. मी धीर केला आणि म्हटलं, "वहिनी, दीदीचं अन तिच्या लेकराइचं नाव काय होतं वो?"

ती हसली. वाकून माझ्या ताटात सालींची भाजी वाढली, वर भाकरीचा चतकोर ठेवला.

"काऊन वो बाई?" ती म्हणाली. "लिहून द्याचं हाय का कोनाले?"

मी म्हटलं, "नाई, असंच इचारलं." तिनं विचारलं, मीठ बरोबर आहे ना? मी म्हटलं, आहे. त्यानंतर ती आणखी बरीच वर्षं जगली, माझ्याशी तितक्याच मायेनं वागली, आणि मी तिला पुन्हा विचारलं नाही. म्हणून या प्रकरणात त्या तिघांची नावं नाहीत.